चमचा, चिठ्ठी आणि पाच लाख डॉलर

अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाला १९७९मध्ये पाच लाख डॉलरची देणगी मिळाली. देणगीदार होते विमान-उद्योजक जेम्स मॅकडॉनेल. फँटम, बॅन्शी, व्हूडू ही त्यांच्या कंपनीच्या लढाऊ विमानांची नावं. अतींद्रिय शक्तींचं त्यांना मनापासून कुतूहल होतं आणि पैसे त्याच संशोधनासाठी होते. प्रयोगशाळेचे प्रमुख भौतिकशास्त्रज्ञ पीटर फिलिप्स.

मनाच्या जोरावर धातू वाकवतो म्हणणारे दोन तरुण तिथे निवडले गेले: स्टीव्ह शॉ, वय १८ आणि मायकेल एडवर्ड्स, वय १७. दोघेही जादूगार. प्रसिद्ध जादूगार जेम्स रँडींशी त्यांचं आधीच ठरलं होतं. हातचलाखी अतींद्रिय शक्ती म्हणून खपवायची, पण कुणी थेट विचारलं, तर खरं सांगून टाकायचं.

प्रत्येक चमच्याचं माप घेऊन त्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असे. टेबलावर एका वेळी बरेच चमचे. चिठ्ठी मध्ये येते म्हणून मुलं ती काढून ठेवत आणि परत बांधताना दोन चमच्यांच्या चिठ्ठ्या बदलत. पुन्हा मोजलं की माप वेगळं! चमचा वाकवायचीसुद्धा गरज नव्हती. मोजमाप अचूकच होतं. दोन मोजमापांच्या मधल्या वेळेवर कुणाची नजर नव्हती.

रँडींनी फिलिप्स यांना सावधगिरीच्या ११ सूचना आधीच कळवल्या होत्या, पण त्या सूचना वेळेवर अमलात आल्या नाहीत. १९८१मध्ये नियम कडक झाले आणि चमत्कार आटले. १९८३मध्ये रँडींनी सगळं जाहीर केलं, १९८५मध्ये प्रयोगशाळा बंद झाली. फिलिप्स यांची यात नाचक्की झाली, तरी शंका येताच त्यांनी प्रयोग बदलले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

अशा देणगीचं चीज कसं होतं, हे स्टॅनफर्ड विद्यापीठात त्याआधीच दिसलं होतं. तिथे मेलबर्नचे श्रीमंत परलोकवादी थॉमस वेल्टन स्टॅनफर्ड यांनी ५० हजार डॉलर दिले. त्यावर काम करणाऱ्या जॉन कूव्हर यांनी विचार-संक्रमण तपासायला खेळाच्या पत्त्यांचे सुमारे दहा हजार प्रयोग केले: एकाने पत्ता मनोमन पाठवायचा, दुसऱ्याने तो ओळखायचा. पाठवणाऱ्याने पत्ता पाहायचा की नाही, हे दर वेळी फासा टाकून ठरे. ओळखणाऱ्याला ते कळत नसे. पत्ता पाहिलेला असो वा नसो, बरोबर उत्तरांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. विचार-संक्रमणाचा पुरावा नाही, हा कूव्हर यांचा निष्कर्ष १९१७मध्ये विद्यापीठाने ग्रंथरूपात छापला. देणगीदार तेव्हा हयात होते.