डॉ. बटलर आणि तुरीचा मर रोग

तुरीचे वावर फुलावर आले की शेतकऱ्याच्या जिवाला जरा स्वस्थता लाभते. पण पुष्कळदा नेमके त्याच सुमारास, जमिनीत ओल असतानाही, एखादे झाड मान टाकते. पाने पिवळी पडतात, फांद्या लोंबतात, आणि आठ-पंधरा दिवसांत शेजारची चार झाडे त्याच वाटेने जातात. पुढच्या वर्षी त्याच जागी पुन्हा तूर पेरली, तर वाळलेला चट्टा अधिकच मोठा होतो. कोणी म्हणतो मुळाला पाणी कमी पडले, कोणी म्हणतो नजर लागली. या रोगाचा खरा कर्ता कोण, हे शोधून काढले ते एका परदेशी डॉक्टराने. त्यांचे नाव एडविन जॉन बटलर.

बटलर यांचा जन्म १८७४ साली आयर्लंडमधील किल्की या समुद्रकाठच्या गावी झाला. आयर्लंड त्या वेळी ब्रिटिश राज्यात होते. १८९८ मध्ये ते वैद्यकाची पदवी घेऊन डॉक्टर झाले. पण माणसांच्या नाडीपेक्षा त्यांचे मन रमले ते बुरशीत. बुरशी म्हणजे काय, हे आपण सारेच जाणतो. पावसाळ्यात लोणच्यावर, भाकरीवर, चामड्याच्या जोड्यावर जो पांढरा-हिरवा थर चढतो, तीच ही. तिला हिरवा रंगकण नसतो, म्हणून स्वतःचे अन्न तिला तयार करता येत नाही. मग ती मेलेल्या वस्तूवर जगते, नाही तर जिवंत झाडाच्या अंगात शिरते.

१९०१ मध्ये बटलर हिंदुस्थान सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला आले. तेथून डेहराडून, आणि १९०५ पासून बिहारातील पुसा येथील शेती संशोधन संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. आपल्या देशातील पिकांच्या रोगांचा शिस्तशीर अभ्यास पुसाला सुरू झाला, असे म्हणावयास हरकत नाही. गव्हाचा तांबेरा, उसाची लाल कूज, ताडमाडांचे रोग, असे किती तरी विषय त्यांनी हाताळले. रोगट झाडांचे व बुरशींचे नमुने वाळवून, नावनिशीवार लावून ठेवण्याचा संग्रहही त्यांनी उभा केला. तो आज दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेत आहे.

आता तुरीकडे वळू. वाळलेल्या झाडांवर एक बुरशी नेहमी सापडत असे. अमेरिकेत कापूस व इतर पिकांच्या मर रोगाबद्दल तिलाच दोषी धरले गेले होते. तेव्हा तुरीवरही हाच आळ घालून मोकळे होणे सोपे होते. पण चोरीच्या जागी सापडलेला प्रत्येक माणूस चोर असतोच असे नाही! बटलर यांनी बुरशी वेगवेगळ्या करून वाढविल्या, आणि निरोगी तुरीला त्या लावून पाहिल्या. जिच्यावर आळ होता ती निरुपद्रवी निघाली. झाड मेल्यावर ती तेथे येई आणि मढ्यावर पोट भरी. झाड मारणारी बुरशी निराळीच होती. १९१० साली बटलर यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि त्या बुरशीला ‘फ्युजेरियम उडम’ असे नाव दिले. शास्त्रीय ग्रंथांत त्या नावापुढे आजही बटलर यांचे नाव लिहिलेले असते.

या शोधाने शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? पहिली गोष्ट अशी की, रोग दिसतो पानांवर, पण राहतो मातीत. ही बुरशी मुळातून शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या निकामी करते. म्हणून जमिनीत ओल असूनही झाड तहानेने मरते. तेव्हा पानांवर औषध फवारून काही साधत नाही. दुसरी गोष्ट, तुरीच्या मुळांच्या व धसकटांच्या अवशेषांत ही बुरशी दोन-तीन वर्षे तग धरते. रोगट झाड उपटून धुऱ्यावर फेकले, तर तो रोग आपणच जपून ठेवला असे होते. ते मुळासकट काढून जाळले पाहिजे. तिसरी गोष्ट, तिचे खाद्य तूर. म्हणून त्या वावरात तीन-चार वर्षे तूर न पेरता दुसरे पीक घेतले, तर तिची उपासमार होते.

आपले वाडवडील तुरीबरोबर ज्वारी पेरीत आले. अशा मिश्र पिकात मर कमी आढळते, हे पुढील काळातील प्रयोगांत दिसून आले. जुनी चाल शास्त्राच्या कसोटीला उतरली, याचा आपल्याला आनंदच वाटावा.

मर सहन करणारे वाण निवडून काढावे, हा विचारही बटलर यांनी त्याच काळात मांडला होता. त्याला फळ यायला पुष्कळ वर्षे लागली. १९८६ मध्ये आलेला ‘मारुती’ आणि मराठवाड्यातील बदनापूर केंद्राचा ‘बीएसएमआर ७३६’ हे त्याच वाटेवरचे वाण. पेरणीपूर्वी बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळतात, तीही एक बुरशीच, पण आपल्या बाजूने लढणारी.

नागपूरचा या परंपरेशी जवळचा संबंध आहे. पुसा येथे काम केलेले जहांगीर फर्दुनजी दस्तूर पुढे मध्यप्रांत सरकारचे बुरशीतज्ज्ञ म्हणून नागपूरला आले. येथे असताना त्यांनी या प्रांतातील पानवेलीच्या रोगांचा अभ्यास करून १९३५ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याआधी, १९१३ साली, पुसाला असताना त्यांनी एरंडीवरच्या एका रोगजंतूला ‘फायटोफ्थोरा पॅरासिटिका’ हे नाव दिले होते. आमच्या संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळतो, त्या डिंक्या रोगात याच जंतूचा हात असतो. आजचे शास्त्र त्याला खऱ्या बुरशीत गणीत नाही, ही गोष्ट निराळी. बुंध्याला मोरचूद व चुन्याचा बोर्डो मलम लावायचा तो त्याच्याच बंदोबस्तासाठी.

बटलर १९२० मध्ये मायदेशी परतले व इंग्लंडमधील क्यू येथे नव्याने निघालेल्या बुरशीशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. १९३९ मध्ये त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९४३ साली ते वारले. ‘फंजाय अँड डिसीज इन प्लँट्स’ हा त्यांचा १९१८ चा ग्रंथ येथील पिकांच्या रोगांवरचा पायाभूत ग्रंथ ठरला.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. मुलांना वावरात न्या. एक निरोगी व एक वाळती तूर बुडाशी उभी चिरून दाखवा. निरोगी लाकूड पांढुरके दिसेल, रोगट लाकडात काळपट-तपकिरी रेघा दिसतील. तो तुकडा ओल्या टिपकागदावर ताटलीखाली झाकून ठेवा. काही दिवसांत त्यावर कापसासारखी बुरशी उगवेल. मग मुलांना विचारा, झाड मारणारी हीच कशावरून? उत्तर देण्याची घाई करू नका. ती निरोगी झाडाला लावून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, हे मुलांच्या तोंडून आले, की बटलरसाहेबांचा धडा त्यांना समजला म्हणायचा.