प्लॉट घेण्याआधी नदीची वाट पाहा

कापसाचे किंवा केळीचे चार पैसे हाती आले, की तालुक्याच्या गावी एखादा प्लॉट घ्यावा, मुलांच्या शिक्षणाची सोय करावी, असे घरोघरी वाटते. त्यात गैर काहीच नाही. पण बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो. मग जन्माची पुंजी घालताना जमीन नुसती रस्त्यावरून पाहून कसे चालेल?

चाळीसगावचेच उदाहरण घ्या. हे गाव तितूर आणि डोंगरी या नद्यांच्या काठी वसलेले. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री वरच्या डोंगरात मुसळधार पाऊस झाला. कन्नड घाटात दरडी कोसळल्या, ३१ तारखेला पुराचे पाणी शहरात शिरले. घरे, दुकाने बुडाली. आसपासच्या खेड्यांतली गुरे दगावली. उन्हाळ्यातले कोरडे पात्र पाहूनच माणूस फसतो!

हवा एका अंशाने तापली, की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावते. म्हणून थोड्या वेळात धो धो कोसळणारा पाऊस यापुढे वाढेल, असे शास्त्रज्ञ सांगतात.

मग करावे काय? पूररेषा पाहावी. २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत घर बांधण्यास मनाई असते. निळ्या-लाल रेषांमध्ये अटी पाळूनच बांधता येते. मात्र २५ वर्षांचा पूर म्हणजे एकदा आला की २५ वर्षे निर्धास्त, असे समजू नका. तो लागोपाठ दोन वर्षेही येऊ शकतो.

पालिकेच्या नगररचना विभागात विकास आराखडा पाहा, पाटबंधारे खात्यात पूररेषेची चौकशी करा. लहान नाल्याची रेषा आखलेली नसेल, तर शेजारच्या जुन्या माणसांना विचारा : पाणी कुठवर आले होते? नाला बुजवून प्लॉट पाडले असतील, तर स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

आपल्या वाडवडिलांनी पिकाला काळी ठेवली आणि राहायला उंचावरची पांढरी निवडली. पांझरेकाठी धुळ्यात असो वा तितुरेकाठी चाळीसगावात, तोच शहाणपणा ठेवा. खरेदीखतावर सही करण्यापूर्वी भर पावसात एक चक्कर त्या जागेवर जरूर मारा.