चादरीचा नफा आणि ‘क्ष’

हातमागाच्या सोलापुरात 1877 साली ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापडगिरणी उभी राहिली. त्या काळी रुपया सोळा आण्यांचा, त्यामुळे कापडाच्या धंद्यातला नफा रुपयामागे आण्यांत मोजणे सोयीचे. दोन आणे म्हणजे शेकडा साडेबारा, चार आणे म्हणजे पंचवीस. पावकी, निमकी, सवायकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असले की कागद लागत नसे. मात्र हे बळ सुलट हिशेबापुरते. विक्रीवरून मागे खरेदीकडे यायचे, तर पाठांतर अपुरे पडे.

1 एप्रिल 1957 ला शंभर नव्या पैशांचा रुपया आला. टक्के सोपे झाले, पावकी-दिडकी मागे पडल्या. त्यांच्या जागी शाळेत सूत्रे आली: नफा असेल तर शंभर अधिक, तोटा असेल तर शंभर उणे. माझ्या मते एक पाठांतर गेले आणि दुसरे आले, एवढेच झाले.

चादर 540 रुपयांना विकली, नफा शेकडा 20. खरेदी किती? 540 चे 20 टक्के, म्हणजे 108, वजा करून 432 हे उत्तर आजही मुले सर्रास लिहितात. गुणाकार बरोबर, पण टक्के भलत्याच रकमेवर घेतलेले. खरेदी क्ष मानली, की क्ष + 0.2क्ष = 540, म्हणून क्ष = 450. टक्के कशाचे, हे समीकरण मांडतानाच ठरवावे लागते.

दोन चादरी प्रत्येकी 600 ला विकल्या, एकीवर 20 टक्के नफा, दुसरीवर 20 टक्के तोटा. ‘ना नफा ना तोटा’ असे वाटते. पण 1.2क्ष = 600 मधून 500 आणि 0.8य = 600 मधून 750 निघतात. खरेदी 1250, विक्री 1200. तोटा शेकडा 4.

‘खरेदी 100 मानू’ ही युक्तीही जुनीच. भास्कराचार्यांच्या 1150 च्या ‘लीलावती’त कोणतीही सोयीची संख्या धरून त्रैराशिकाने उत्तर काढण्याची ही रीत ‘इष्टकर्म’ या नावाने आहे. पण जितक्या रुपयांची खरेदी तितकेच टक्के नफा आणि विक्री 75 रुपये, असे विचारले की शंभर मानून भागत नाही. तिथे अज्ञात राशीच धरावी लागते, जशी भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त ‘यावत्तावत्’ म्हणून धरली. क्ष + क्ष²/100 = 75. उत्तर 50.

सातवी-आठवीच्या शिक्षकांना विनंती आहे: नफा-तोट्याचे सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी आठवडाभर मुलांना नुसती समीकरणे मांडू द्या.