पुरे म्हणजे पुरे

मराठीत ‘वाढणे’ हे क्रियापद दोन कामे करते. मूल वाढते आणि आई पानात वाढते. या दोहोंचे नाते आपल्या घरांना इतके पटलेले आहे की, वाढणारीने दुसऱ्यांदा विचारले नाही तर जेवणारा मनातल्या मनात रुसतो, आणि जेवणाऱ्याने तिसऱ्यांदा नको म्हटले तर वाढणारी रुसते. अशा घरात एखाद्या माणसाचे जठरच कापून लहान केले म्हणजे काय होते, हे माझ्या मावसबहिणीच्या निमित्ताने मला जवळून पाहावयास मिळाले. शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली. खरी कसोटी लागली ती पुढे, स्वयंपाकघरात.

वजन उतरविण्यासाठी शस्त्रक्रिया म्हटले की पुष्कळांच्या ओठांवर हसू येते. ‘चार दिवस उपास केला असता तर!’ हा शेरा तर ठरलेला. परंतु मधुमेह, झिजलेले गुडघे आणि झोपेत अडखळणारा श्वास यांनी गांजलेली माणसे हौसेने टेबलावर जाऊन पडत नाहीत. या उपचाराला काही कालची नवलाई म्हणता येणार नाही. अमेरिकेतील मिनेसोटात १९५४ साली अशा हेतूने आतडे आखूड करून जोडण्याचा प्रयोग झाला, आणि १९६६ साली आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी जठरालाच वळसा घालणारी ‘गॅस्ट्रिक बायपास’ सुरू केली. तिच्यात जठराची जेमतेम लिंबाएवढी पिशवी करून ती आतड्याला जोडतात. दुसरी ‘स्लीव्ह’. तिच्यात जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक निमुळती नळी शिल्लक ठेवतात. आमच्या मावसबहिणीची ही दुसरी.

घरी आल्यावर पहिला प्रश्न अन्नाचा नव्हताच, पाण्याचा होता. दिवसाकाठी दीड लिटर तरी पाणी पोटात जावयास हवे, आणि एका वेळी मात्र घोटभरच! संध्येच्या आचमनाला उडीद बुडेल एवढेच पाणी घ्यावे असे जुने लोक सांगत. त्याहून थोडा मोठा घोट, दर काही मिनिटांनी, जागेपणी सारा दिवस. तांब्या वर धरून घटाघटा पिण्याची आपली सवय येथे कामाची नाही. पाण्याबरोबर हवाही गिळली जाते आणि छातीखाली कळ येते. सोड्याच्या बाटल्या तर वर्ज्यच.

जेवताना पाणी प्यावयाचे नाही, हाही एक नियम. जेवणानंतर अर्धा तास थांबावे लागते. वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पून दोन अन्नाला, एक पाण्याला आणि एक वायूला दिला आहे. येथे पोटच एवढेसे की अन्न आणि पाणी यांना पाळीपाळीनेच आत यावे लागते.

अन्नाच्या बाबतीत आपले स्वयंपाकघर तसे तयारीचे निघाले. पहिले एक-दोन दिवस निव्वळ निवळ : पेजेच्या वरचे पाणी, गाळलेले सार, वरणाचे पाणी. मग दोनएक आठवडे ताक, बिनसाखरेचे दूध, मुगाचे गाळलेले कढण. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घोटलेले वरण, कुस्करलेले पनीर, मऊ अंडे. त्यानंतर मऊ शिजविलेले अन्न, आणि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू नेहमीचे. (प्रत्येक शल्यवैद्याचे वेळापत्रक थोडे वेगळे असते, ज्याच्या हातून शस्त्रक्रिया झाली त्याचेच ऐकावे, शेजाऱ्याचे नव्हे.) आजारी माणसासाठी हे सारे आपल्या आज्या करीतच आल्या आहेत. ‘निवळ’ आणि ‘कढण’ हे शब्द माझ्या वर्गातील मुलांना आता समजावून सांगावे लागतात, ही गोष्ट वेगळी.

तथापि पेजेवर फार विसंबून चालत नाही. पेज म्हणजे मुख्यतः पिष्ट. जखम भरावयाची आणि उतरत्या वजनाबरोबर स्नायू झडू द्यावयाचे नाहीत, तर दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात. शाकाहारी माणसाने हिशेब मांडून पाहावा म्हणजे डॉक्टर प्रथिनांची भुकटी का लिहून देतात ते उमगेल. म्हणून पानातला क्रमही बदलतो : आधी वरण, पनीर, अंडे किंवा मासळी, मग भाजी, आणि जागा उरली तर भात. आपल्या पंगतीत भाताला पहिला मान. त्याला येथे शेवटी बसावे लागते.

मावशीला हे सारे मान्य होते. प्रमाण मात्र मान्य होईना. लेकीने चार चमचे खाल्ले की, “अगं, एवढंच? माझ्यासाठी दोन घास घे.” “आई, पुरे.” “पुरे काय, चिमणीसुद्धा जास्त खाते!” एके दिवशी आईच्या मनासाठी तो पाचवा चमचा घेतला गेला आणि क्षणात नाकाला पाणी सुटले, उचकी लागली, छातीखाली दगड ठेवल्यासारखे झाले आणि सारे उलटून पडले. दुसऱ्या दिवशी मावशीने काही न बोलता कपाटातून लेकीच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि चमचा बाहेर काढला. ती वाटी भरली की जेवण भरले. अर्धा तास बसून, प्रत्येक घास तोंडात पातळ होईपर्यंत चावून ती एवढेसे जेवण करी, आणि मावशी समोर बसून पाहत राही. न वाढता नुसते बसणे तिला किती जड गेले असेल!

त्यातून भूकही लागत नाही. भूक चेतविणारे ‘घ्रेलिन’ नावाचे द्रव्य जपानी संशोधकांनी १९९९ साली शोधले. ते बहुतांशी जठराच्या ज्या भागात तयार होते, तोच भाग स्लीव्हमध्ये काढला जातो. म्हणून आरंभी घड्याळ पाहून जेवावे लागते. पुढे भूक परततेही, आणि तेव्हा खरे जपावयाचे असते.

येथे आपली दिवाळी येते. बायपास झालेल्याने साखरेचा पदार्थ खाल्ला तर तो थेट आतड्यात कोसळतो. अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, घेरी. स्लीव्हमध्येही हे क्वचित घडते. पण मला लाडवापेक्षा चकलीची भीती अधिक वाटते. भाकरीचा तुकडा अडतो, मऊ पोळीचा गोळा होऊन बसतो. चकली, शेव आणि चिवडा मात्र चावताच विरघळून अलगद उतरतात आणि पोट भरल्याची जाणीवही देत नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी वजन परतून येते, ते बऱ्याचदा या वाटेने. दारूचेही तसेच : थोडीशी घेतली तरी ती झपाट्याने चढते.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. उलट्या थांबत नसतील, पाण्याचा घोटही टिकत नसेल, तर ‘पोट रुळेल हळूहळू’ म्हणून वाट पाहू नये. ब१ जीवनसत्त्वाचा शरीरातील साठा थोड्या आठवड्यांचाच. तो संपला की पाय बधिर होतात, तोल जातो, भ्रमही होतो आणि कायमची इजा होऊ शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गोळ्या तर जन्माच्या सोबतिणी : ब१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, शिवाय ठरावीक मुदतीने रक्ताची तपासणी. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात तेव्हा घरात रडारड होते. पुरेसे पोषण मिळाले तर ते बहुधा पुन्हा येतात. लोह आणि कॅल्शियम एकाच वेळी घ्यावयाचे नाही, दोन तासांचे अंतर हवे, आणि लोहाच्या गोळीबरोबर चहाही नको. सकाळच्या चहाची वेळ बदलणे हे आमच्या मावशीच्या घरी शस्त्रक्रियेहून अवघड ठरले. अखेर लोहाची गोळी रात्री आणि कॅल्शियमची सकाळी, अशी वाटणी होऊन दोन्ही डब्या पंचांगाशेजारच्या खिळ्याला पिशवीत टांगल्या गेल्या.