ढाल परत आली
यंदा बुटीबोरीच्या एका शाळेने शंभर टक्के हजेरीची ढाल पुन्हा सुरू केली. कोरोनाच्या काळात ती कपाटात गेली होती. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला आणि माझं डोकं सणकलं. या ढालीपायी फणफणलेली पोरं बाकावर मान टाकून बसलेली मी वर्षानुवर्षं पाहिली आहेत. पोरांना सर्दी-ताप यायचाच, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हा मागोवा.

फार मागं जायची गरज नाही. 1918 च्या साथीत मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशात सर्वाधिक माणसं मेलेल्या प्रांतांपैकी एक होता. 1957 चा एशियन फ्लू मद्रासच्या बंदरातून आत शिरला. पुढची पन्नास वर्षं शाळेच्या दृष्टीने फ्लू म्हणजे 'साहेब, ताप होता' अशी चिठ्ठी, बस.

मग 2009 उजाडलं. मी तेव्हा इथल्या एका शाळेत वर्गशिक्षक होतो. अमेरिकेला नासा पाहायला गेलेली पुण्याची शाळकरी मुलं फ्लू घेऊन परतली, पाचगणीच्या निवासी शाळेत तो पसरला, आणि 3 ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांची मुलगी गेली. स्वाइन फ्लूचा देशातला तो पहिला बळी, तोही शाळकरी. पुण्या-मुंबईच्या शाळांना कुलपं लागली. आमच्याकडे गळ्यात कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या आल्या. मेडिकल स्टोअरवाले मास्कला तोंडाला येईल तो भाव सांगत. टॅमीफ्लू ही फ्लूवरची गोळी तर दुकानात मिळतच नव्हती, ती सरकारी दवाखान्यातूनच. कुणाचा संशय आला तर नागपूरला मेडिकल नाहीतर मेयो हा सरकारी दवाखाना गाठायचा, आणि घशातला स्वॅब जायचा पुण्याच्या विषाणू संस्थेत, एनआयव्हीला. अहवाल येईपर्यंत मूल बरं होऊन वर्गात परत, नाहीतर आयसीयूत.

त्या महिन्यात आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनी सगळ्या शिक्षकांना बोलावून काय सांगितलं असेल? 'आपल्या शाळेत फ्लू नाही, हे लक्षात ठेवा.' पुढच्या वर्षीचे प्रवेश होते ना! कोणत्या वर्गात किती पोरं तापाने गैरहजर आहेत, याची वही ठेवू म्हणालो, तर 'उगाच घबराट पसरवू नका' हे उत्तर. एका वर्गात सोमवारी दोन आणि बुधवारी सात रिकामे बाक दिसले, की साथ शिरली हे सांगायला पुण्याचा अहवाल कशाला लागतो? त्या अध्यक्षांची मला अजून चीड आहे, आणि ती जाऊ नये अशीच इच्छा आहे.

सरकारच्या सूचना मात्र शहाण्या होत्या. साधा ताप असेल तर तपासणी नको, घरी राहा. जोखमीच्या रुग्णाला आणि जास्त तापाला औषध. दम लागला तर भरती. घोडं अडायचं ते पहिल्याच पायरीवर. फ्लूचं मूल लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस विषाणू वाटत असतं. औषध न देता चोवीस तास ताप नसेल, तेव्हाच त्याने वर्गात यावं. आणि आमच्याकडे? सकाळी पॅरासिटामॉलचं सिरप पाजून पोट्टं ऑटोत कोंबायचं. पावसामुळे ऑटोचे पडदे बंद, वर्गाच्या खिडक्या बंद. दुपारच्या सुट्टीपर्यंत औषध उतरतं आणि ताप पुन्हा चढतो. विदर्भातल्या शाळा उन्हापायी उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे पावसाळी फ्लूच्या ऐन तोंडावर.

2015 ला स्वाइन फ्लू परत आला, आणि या वेळी नागपूरवर. देशात 42,592 रुग्ण, 2,990 मृत्यू. राज्यात सर्वाधिक तडाखा बसलेल्या जिल्ह्यांत आपला. फेब्रुवारी-मार्च, म्हणजे बोर्डाच्या परीक्षा. कोणती आई त्या दिवसांत पोराला घरी ठेवेल? कापराची पुरचुंडी आता व्हॉट्सअॅपवरून आली, एवढाच फरक. त्याच वर्षी राज्याने गरोदर बाया, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण यांना फ्लूची लस फुकट द्यायला सुरुवात केली. शाळकरी पोरं त्या यादीत नव्हती. खासगीत ती दीड-दोन हजारांच्या घरात जाते, तीही दर वर्षी.

कोरोनावर मी लिहीत नाही; सगळ्यांनी लिहून झालं. मार्च 2020 ला शाळा बंद झाल्या तेव्हा एक कळलं: या राज्यात शाळा बंद करणं एका आदेशाचं काम आहे. एका तापलेल्या पोराला घरी ठेवणं मात्र कुणाच्याच हातात नाही. तेव्हा शाळांत हात धुवायला बसवलेल्या बेसिनांपैकी आज किती नळांना पाणी येतं, ते जाऊन बघा. समग्र शिक्षाच्या अनुदानातले किमान दहा टक्के स्वच्छतेचे. तीस ते शंभर पटाच्या शाळेला वर्षाकाठी पंचवीस हजार, म्हणजे साबण, फिनाईल, सगळं मिळून अडीच हजारांचा हिशेब. पंधरा ऑक्टोबरला हात धुवा दिनाचा फोटो निघतो, त्याच दिवशी वाचन प्रेरणा दिनाचाही.

आणि हजेरीचं वेड काही त्या एका शाळेचं नाही. दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना 1992 पासून दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता आहे. हेतू चांगलाच, पण तापाच्या दिवसाचा रुपया बुडतोच.

आईबापांना दोष देणं सोपं आहे. एमआयडीसीतली एक आई मला म्हणाली होती, 'सर, घरी कोण राहीन? याच्या बाबाची फर्स्ट शिफ्ट, माही जनरल. खाडा केला का ठेकेदार दुसरी बाई लावते.' तिच्या ईएसआय कार्डावर स्वतःच्या आजारपणाला सत्तर टक्के मजुरीने वर्षाला 91 दिवस मिळू शकतात; पोराच्या तापाला एकही नाही. तिच्या मुलाला शिकवणाऱ्या बाईंना, शाळा अनुदानित असेल तर, 2018 पासून 180 दिवसांची बालसंगोपन रजा आहे. बाईंना ती मिळाली याचा मला आनंदच आहे. पण त्यांच्या वर्गात खोकणारं पोट्टं ज्या बाईचं आहे, तिच्यासाठी असाच एक कागद मंत्रालयातून का निघत नाही, हे ढाल वाटायला येणाऱ्या पाहुण्यांना कुणीतरी विचारा. मला या वर्षी बोलावलेलं नाही.