संथ पाणीच अधिक धोक्याचे
आलापल्ली : प्राणहितेच्या परिसरातील लोकांना पाणी नवे नाही, मात्र नदीचा अनुभव समुद्रात पुरेसा ठरत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर सुटी घालविताना हे ध्यानात येते. जेथे लाटा फुटत नाहीत, त्या संथ पट्ट्याकडे पर्यटक वळतात आणि जीवरक्षकाची शिट्टी वाजते. स्थानिक मंडळी मात्र तिकडे फिरकत नाहीत.

किनाऱ्यावर आलेले लाटांचे पाणी वाळूच्या उंचवट्यांमधील खोलगट वाटेने वेगाने समुद्राकडे परतते. यालाच 'रिप करंट' म्हणतात. तेथे खोली अधिक असल्याने लाटा फुटत नाहीत आणि पाणी निर्धोक भासते. हा प्रवाह माणसाला तळाशी ओढत नाही, किनाऱ्यापासून दूर नेतो. त्याच्याविरुद्ध पोहणारा थकतो आणि बुडतो. अशा वेळी न घाबरता तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि शक्य असल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे.

गोव्यात २००८ पासून 'दृष्टी' या संस्थेचे जीवरक्षक किनाऱ्यांवर तैनात आहेत. लाल-पिवळ्या झेंड्यांमधील भागातच पाण्यात उतरावे. लाल झेंडा म्हणजे मनाई. शिट्टी वाजली, की वाद न घालता मागे फिरावे. जीवरक्षकाला दिसणारी ती वाट पाहुण्याला दिसत नसते.