प्लास्टिकचा कागद गाडीवर नको, गाडीखाली हवा

मृगाचा पाऊस लागला, शेताच्या वाटा चिखलाने भरल्या, की घरची जीप किंवा पिकअप दिवाळीपर्यंत फारशी हलत नाही. आंबोली, गगनबावडा, राधानगरीकडच्या वाड्यांवर तर चार महिने तिच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. शेतकरी बंधूंनो, अशा वेळी आपण काय करतो? काचा घट्ट लावतो, वरून प्लास्टिकचा कागद टाकतो, सुतळीने करकचून बांधतो आणि निर्धास्त होतो. हस्त सरल्यावर कागद सोडावा तर आतून कुबट वास येतो, सीटवर बुरशी चढलेली असते, पायाखालचा पत्रा गंजलेला असतो, आणि भाताची पोती बाजारात न्यायच्या दिवशीच गाडी सुरू होत नाही. मग घरात म्हणतात, कागद कुठेतरी फाटला असेल. कागद बहुतेक वेळा धड असतो. पाणी आतल्या हवेतलेच असते.

बर्फासारखे गार पाणी तांब्यात भरले की तांब्याला बाहेरून घाम येतो. ते पाणी काही तांब्यातून पाझरत नाही. गरम हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. एक घनमीटर हवेत ३० अंशाला सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते, २० अंशाला १७ ग्रॅमच. उरलेली वाफ गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. बंद गाडीत चार-पाच घनमीटर हवा धरली, तर ओल्या गाडीत एका गार रात्री अर्धा कप पाणी टपाला आणि काचांना आतून धरू शकते. दिवसा गाडी तापली की त्याची पुन्हा वाफ होते, रात्री पुन्हा पाणी. कागद आवळून बांधलेला असला म्हणजे ही वाफ जाणार कुठे? पावसाने उघडीप दिली, आभाळ निरभ्र झाले, की दिवस तापतो आणि रात्री दहिवर पडते. अशा दिवसांत हा प्रकार सर्वांत जास्त होतो.

तेव्हा पहिले काम म्हणजे ओल आत ठेवायचीच नाही. पाऊस लागण्याआधी कडक ऊन असेल तेव्हा गाडीतली पायपुसणी, सीटची कव्हरे, घोंगड्या, रिकामी पोती सगळी बाहेर काढा. हे काम घरातल्या बायका आपल्यापेक्षा नीट करतात. गोधड्यांना ऊन द्यायची सवय त्यांना असतेच. पायपुसण्याखालचे जाड नमद्याचे अस्तर हाताने दाबून पाहा. वरून कोरडे वाटते, पण खाली महिनोन् महिने ओल असते.

गाडीतून खताची पोती वाहिली असतील तर मागचा हौदा धुतल्याशिवाय ठेवू नका. सांडलेला युरिया दमट हवेतले पाणी स्वतःच ओढून घेतो आणि पाघळतो. पोटॅशच्या खतातले क्लोराईड तर पत्रा खातेच. फटींत अडकलेले दाणे खरवडून काढा, धुवा आणि दोन-तीन दिवस दारे उघडी टाकून गाडी उन्हात वाळवा.

आता जागा. पुष्कळ जण गाडी गोठ्याच्या कडेला लावतात, ते चुकीचे आहे. जनावरांच्या श्वासाने आणि मूताने तिथली हवा सदा दमट असते, आणि मूतापासून निघणारा अमोनिया वायरींचे तांबे खराब करतो. चारी बाजूंनी वारा खेळेल असे साधे पत्र्याचे छप्पर बंद खोलीपेक्षा बरे. जमीन मातीची असेल तर खालून सतत ओल वर येते. तो प्लास्टिकचा कागद इथे कामाला येतो. तो जमिनीवर अंथरा, कडा दगडांनी दाबा आणि त्यावर गाडी उभी करा. छप्पर नसेल तर वरून ताडपत्री लावायला हरकत नाही, पण ती गाडीला चिकटू देऊ नका. बांबूच्या आधाराने हातभर उंच बांधा आणि बाजू मोकळ्या सोडा. काचा दोन बोटे खाली ठेवा आणि फटीला बारीक जाळी लावा, नाहीतर उंदीर आत संसार थाटतील.

ओल शोषण्यासाठी काही जण मिठाची पुरचुंडी ठेवतात. मीठ पाघळते, त्याचे पाणी पत्र्यावर ठिबकते आणि तिथेच भोक पडते. कळीचा चुना बरा. १ किलो ताजा चुना सुमारे ३०० ग्रॅम पाणी धरतो. मात्र तो फुगतो, म्हणून मातीचे मडके अर्धेच भरावे. त्यावर थेट पाणी पडले तर तो सणसणून तापतो आणि डोळ्यांत गेल्यास डोळा जाऊ शकतो. लहान मुलांच्या हाती लागणार असेल तर या फंदात पडू नये.

डिझेलच्या टाकीतही हेच घडते, आणि पैशाचे खरे नुकसान तिथे आहे. टाकी अर्धी रिकामी ठेवली तर वरच्या मोकळ्या पत्र्यावर घाम धरतो. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी जमते, टाकी गंजते, आणि जिथे पाणी आणि डिझेल भेटतात तिथे शेवाळासारखा चिकट गाळ वाढतो. पहिल्या स्टार्टला हे सगळे पंपाकडे जाते. नव्या कॉमन रेल गाड्यांच्या पंपाला तर थोडेसे पाणीही सोसत नाही. चार महिने पैसे अडकतात खरे, पण टाकी काठोकाठ भरून ठेवा. पेट्रोलच्या गाडीलाही हेच लागू. पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असते, त्यातले काही आपल्याच उसाचे, आणि इथेनॉल पाणी ओढते.

दर आठवड्याला गाडी पाच मिनिटे चालू करून बंद करायची सवयही सोडा. १ लिटर डिझेल जळले की जवळजवळ लिटरभर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. इंजिन पुरते तापले नाही तर त्यातले काही सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहते. चालवायचीच तर अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा, नाहीतर हात लावू नका. बंद खोलीत तर इंजिन मुळीच चालू ठेवू नये; धुराने माणूस गुदमरतो.

हँडब्रेक ओढून ठेवू नका, ब्रेक चिकटतात. चाकांना पुढेमागे दगड लावा. ट्रॅक्टर असेल तर क्लचचे पेडल दाबून अडकवा. पुष्कळ ट्रॅक्टरांना त्यासाठी कडीच असते. उभ्या सायलेन्सरवर उलटा डबा घालायला कोणाला सांगावे लागत नाही. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडा, बॅटरी घरात कोरड्या जागी ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करून घ्या.

पावसाळा संपून गाडी बाहेर काढाल, तेव्हा चावी फिरवण्याआधी डिझेल फिल्टरच्या बुडाचा नट सैल करा आणि खाली काचेचा ग्लास धरा. पाणी असेल तर ते ग्लासाच्या तळाशी वेगळे दिसेल. निव्वळ डिझेल येईपर्यंत काढत राहा, मग नट आवळा. सायलेन्सरवरचा डबा काढायला विसरू नका. बॉनेट उघडून उंदरांनी वायरी कुरतडल्यात का तेही पाहून घ्या.